नव्या रंगाखालची जुनी ओल

पूर येऊन गेलेले घर विकत घेताना काय पाहावे, हा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. घर पाहायला इंजिनिअर आहे, कागद पाहायला वकील आहे. डॉक्टरचे तिथे काय काम? काही वर्षांपूर्वीपर्यंत मलाही असेच वाटत होते. एका सहा वर्षांच्या मुलीच्या खोकल्याने माझा हा समज दूर केला. त्यात माझी स्वतःची चूकही आहे, म्हणून ती हकीकत आधी सांगतो.

या मुलीचे आजीआजोबा रत्नागिरीतले, माझ्याकडे वीस वर्षे येणारे. मुलगा आणि सून दोघेही चिपळुणात नोकरीला. भाड्याच्या घरात किती दिवस राहायचे, म्हणून २०२२ च्या अक्षय्य तृतीयेला त्यांनी बाजारपेठेजवळ एक तळमजल्याचे चिऱ्याचे घर घेतले. दोघांची साठवलेली पुंजी, आजोबांच्या निवृत्तीच्या रकमेतला काही भाग आणि वर बँकेचे कर्ज. घर जुने, पण आतून नवेकोरे केलेले. भिंतींना गुळगुळीत पुट्टी आणि फिका पिवळा रंग, खाली चकचकीत लादी, हॉलमध्ये पीओपीचे छत. पुराचे विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “आलं होतं थोडं, उंबरठ्याला लागून गेलं.” मंडळींनी विश्वास ठेवला.

जून लागला आणि मुलीला खोकला सुरू झाला. दिवसा खेळायची, रात्री खोकायची. गणपतीला ती रत्नागिरीला आली तेव्हा आजी तिला माझ्याकडे घेऊन आली. छातीला स्टेथोस्कोप लावला तर बारीक शिटी ऐकू येत होती. मी दम्याची सुरुवात असे निदान केले, औषध दिले, पंप कसा घ्यायचा ते दाखवले. दिवाळीच्या सुट्टीत ती तीन आठवडे आजीकडे राहिली आणि एकदाही खोकली नाही. आजी म्हणाली, “डॉक्टर, आमच्याकडं आली की ही बरी होते. नातीला आजीचा गुण येतो बघा!” मी हसलो, आणि मनातल्या मनात त्या गुणाचे श्रेय माझ्या औषधाला दिले. खरे म्हणजे रोगाचे कारण त्या माउलीने मला आयते हातात दिले होते.

पुढच्या वर्षीही तेच झाले. मे महिन्याच्या सुट्टीत मुलगी ठणठणीत, जूनमध्ये घरी परतली की पुन्हा खोकला. ऑगस्ट २०२३ मध्ये एका रात्री तिला इतकी धाप लागली की बोलता येईना, नाकपुड्या फुलत होत्या, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. रुग्णालयात दोन दिवस प्राणवायूवर ठेवावे लागले. ती घरी आल्यावर मी तिच्या कागदांवरच्या सगळ्या तारखा एकाखाली एक लिहून काढल्या. आजारी पडल्याच्या सगळ्या तारखा चिपळूणच्या, बऱ्या दिवसांच्या सगळ्या रत्नागिरीच्या. तेव्हा कुठे मी तिच्या वडिलांना पहिल्यांदा विचारले, “तुमचं घर कसं आहे? पुरात होतं का?” हा प्रश्न मी वर्षभरापूर्वी विचारायला हवा होता.

कपाटामागे काय दिसले

पुढच्या रविवारी मी ते घर पाहायला गेलो. दार उघडल्याबरोबर जुन्या गोणपाटासारखा वास आला. घरच्यांना तो जाणवत नव्हता, कारण नाकाला सवय झालेली. मुलीचा पलंग आतल्या खोलीत भिंतीला चिकटून होता. तो बाजूला केला. रंगाला बारीक फोड आले होते. बोटाने दाबले तर पुट्टी आत गेली आणि आतून काळपट हिरवा थर दिसला. कपाट सरकवले तर त्यामागे रंगच दिलेला नव्हता. तिथे माझ्या डोक्याच्याही वर, फूटपट्टीने आखावी तशी गढूळ पाण्याची आडवी रेघ होती.

शेजारच्या आजी ओटीवर बसल्या होत्या. त्यांना विचारले, “आजी, २०२१ ला पाणी कुठवर होतं हो?” त्यांनी दाराच्या चौकटीच्या वरच्या लाकडाकडे बोट केले. “ह्याच्या वर, बाबा. आम्ही दीड दिवस माळ्यावर होतो.” घर घेताना हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता.

वाचकांना ते दिवस आठवत असतील. २१ जुलै २०२१ ची रात्र आणि २२ जुलैचा दिवस. वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी चिपळूण शहरात शिरले आणि अनेक भागांत तळमजले संपूर्ण बुडाले. त्याआधीचा मोठा पूर २६ जुलै २००५ चा. त्या वेळच्या खुणांवरून ज्यांनी सामान वर ठेवले होते त्यांचेही सामान या वेळी गेले. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचीही या पुरात मोठी हानी झाली. त्याच पावसात खेडमध्ये जगबुडीचे पाणी बाजारात आले. राजापूरला अर्जुना आणि कोदवली, संगमेश्वरला शास्त्री, चांदेराईला काजळी, अशी आपल्या जिल्ह्यातल्या नद्यांची नावे घेतली की त्यांच्या काठच्या बाजारपेठाही आठवतात. धरणाचे पाणी, खाडीची भरती, नदीतला गाळ यांचा वाद मोठा आहे. तो माझा विषय नव्हे. माझा विषय पाणी ओसरल्यानंतरचा आहे.

भिंत इतकी ओली का राहते?

आपल्याकडचा चिरा म्हणजे जांभा दगड. तो भोकाभोकांचा असतो आणि स्पंजासारखे पाणी पितो. दोन बाजूंनी सिमेंटचा गिलावा केलेली चिऱ्याची जाड भिंत एक दिवस पाण्यात उभी राहिली, तर तिच्या पोटातले पाणी बाहेर पडायला कित्येक महिने लागतात. २२ जुलैला पूर आला, त्यानंतर सप्टेंबर संपेपर्यंत पाऊस चालूच. आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या हवेत ओला टॉवेल वाळत नाही, तर भिंत कुठून वाळणार? खरी सुकण्याची मुदत ऑक्टोबर ते मे. पण लोकांना दिवाळीच्या आत घरात परतायचे असते, दुकान उघडायचे असते, भाडेकरू ठेवायचा असतो. मग ओल्या भिंतीवरच पुट्टी आणि वर चकाकणारा रंग चढतो. असला रंग म्हणजे भिंतीला घातलेला रेनकोटच. बाहेरचे पाणी आत येत नाही, पण आतलेही बाहेर जात नाही.

बुरशीला वाढायला ओल, अंधार आणि थोडे अन्न पुरते. अन्न म्हणून तिला लाकूड, प्लायवूड, कागद, पुट्टीतले चिकट पदार्थ किंवा गाळातला कुजका अंश चालतो. भिजलेल्या वस्तूवर एक-दोन दिवसांत तिची वाढ सुरू होते. वरून रंग दिल्याने ती मरत नाही, फक्त दिसेनाशी होते. पुढच्या पावसात रंगाला फोड आणून ती पुन्हा बाहेर येते. हे फक्त कोकणातच होते असे नाही. अमेरिकेत २००५ साली कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले. पाणी ओसरल्यावर तिथल्या आरोग्य खात्याच्या मंडळींनी काही घरे तपासली, तेव्हा जवळजवळ निम्म्या घरांत डोळ्यांना दिसेल अशी बुरशी आढळली.

बुरशीने आजार कसा होतो?

बुरशीचे बीजाणू डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक असतात आणि श्वासाबरोबर आत जातात. प्रत्येकाला त्यांचा त्रास होतो असे नाही. एकाच खोलीत झोपणाऱ्या चौघांपैकी तिघे ठणठणीत राहतात आणि एक खोकतो. म्हणूनच “आम्हाला कुणाला काही होत नाही, मग हिलाच कसं?” असे घरचे म्हणतात. ज्याच्या शरीराला या बीजाणूंचे वावडे असते, त्याला सकाळी उठल्याबरोबर शिंका, नाक चोंदणे, डोळ्यांना खाज, रात्रीचा कोरडा खोकला आणि दमा असल्यास धाप, असा त्रास होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. ओलसर घरांत राहणाऱ्यांना खोकला, श्वासाचे विकार आणि दमा यांचे प्रमाण अधिक आढळते, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे.

लहान मुले, म्हातारी माणसे, दमेकरी यांनी विशेष जपावे. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, उदाहरणार्थ कर्करोगाचे उपचार चालू असलेले, मूत्रपिंड बदललेले किंवा दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे, त्यांनी बुरशी लागलेल्या खोलीत झोपू नये आणि ती स्वतः साफही करू नये. अशा लोकांत बुरशी क्वचित फुप्फुसातच मुक्काम ठोकते.

घराचा संशय कधी घ्यावा, याची खूण सोपी आहे. गावाला किंवा पाहुण्यांकडे गेल्यावर चार दिवसांत बरे वाटते आणि परत आल्यावर पुन्हा सुरू होते, असे दोन-तीनदा घडले तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. डॉक्टरने विचारले नाही तरी सांगा.

घर पाहायला जाताना

आता मुख्य मुद्दा. पुढील गोष्टी मी त्या घराच्या दुरुस्तीच्या वेळी एका जाणत्या गवंड्याकडून आणि एका वायरमनकडून शिकलो. त्यांना कोणतेही यंत्र लागत नाही.

१. आधी शेजारी जा. घर पाहण्यापूर्वी नाक्यावरचा वाणी, दूधवाला, शेजारच्या आजी यांना विचारा, “२००५ ला पाणी कुठवर होते? २०२१ ला कुठवर?” “पाणी आले होते का?” असे विचारले तर “थोडेसे” असे उत्तर मिळते. “कुठवर?” असे विचारले की माणूस हात वर करून दाखवतो. समोरच्या न रंगवलेल्या कंपाऊंडवर आणि मागच्या बोळातल्या भिंतींवर पाण्याची रेघ दिसते का पाहा.

२. वास घ्या. घर दोन-तीन तास पूर्ण बंद ठेवायला सांगा आणि दार उघडताच आत जा. पहिल्या अर्ध्या मिनिटात जो वास येईल तो खरा. अगरबत्ती, कापूर किंवा फिनेलचा घमघमाट असेल तर दुसऱ्या दिवशी न सांगता पुन्हा जा.

३. शक्य असेल तर पावसाळ्यात पाहा. एप्रिल-मेमध्ये कोकणातले प्रत्येक घर कोरडे दिसते. जुलैमध्ये पाहून दसऱ्यानंतर व्यवहार करणे शहाणपणाचे.

४. ओल कुठल्या जातीची ते ओळखा. पावसाळ्यात ओल कुणाच्या घरात नसते? पण छपराची गळती वरून खाली ओघळते आणि तिचे डाग वेडेवाकडे असतात. जमिनीतून चढणारी ओल जोत्यापासून दोन-तीन फुटांपर्यंत येते आणि वरची कड खालीवर असते. पुराची खूण मात्र सरळ आडवी, आणि घरभर एकाच उंचीवर. चार-पाच फुटांपर्यंतच नवा गिलावा किंवा नवी टाइल असेल आणि वर जुने काम असेल, तर ते काम तिथेच का थांबले, हे विचारा.

५. भिंत वाजवा. रुपयाचे नाणे घेऊन भिंतीवर खालपासून वरपर्यंत हलके वाजवत जा. गिलावा भिंतीला घट्ट असेल तर आवाज टणक येतो, सुटला असेल तर पोकळ येतो. आम्ही डॉक्टर छातीवर बोट वाजवून आत पाणी आहे का पाहतो, तसाच हा प्रकार. लादीही अशीच वाजवून पाहा. खालचा भराव वाहून गेला असेल तर लादी ढबढब वाजते.

६. प्लास्टिकची परीक्षा करा. दीड फूट लांबरुंद जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीच्या खालच्या भागावर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा. एक दिवसाने पाहा. प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले असतील तर भिंतीच्या पोटात पाणी आहे. मालकाला खात्री असेल तर तो याला हरकत घेणार नाही.

७. पांढरी पूड पाहा. भिंतीवर मिठासारखी पांढरी पूड येऊन पोपडे सुटत असतील तर भिंतीला लोणा लागला आहे. खाडीची खारट वाळू न धुता वापरली की गिलाव्याला लोणा हमखास लागतो, आणि तीच वाळू स्लॅबच्या काँक्रीटमध्ये गेली असेल तर सळ्या गंजून फुगतात. बीमच्या खालच्या बाजूला लांबच लांब चीर आणि तांबूस डाग दिसले तर नुसत्या रंगकामावर भागणार नाही. तिथे इंजिनिअरच दाखवला पाहिजे.

८. झाकलेल्या जागा उघडा. रंगारी मोकळ्या भिंती रंगवतो. कपाटांची पाठ, ओट्याखालचा कोपरा, जिन्याखालची अडगळ, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांमागची भिंत इथे बॅटरी मारून पाहा. प्लायवूडच्या खालच्या कडा फुगल्या आहेत का, दाराच्या बिजागरींना गंज आहे का, जुन्या लाकडात नवे स्क्रू आहेत का ते बघा. भिंतीवर नवी लाकडी किंवा पीव्हीसीची पट्टी मारली असेल तर ती एका ठिकाणी उघडून दाखवायला सांगा. भिंत खराब झाली की ती झाकण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

९. विजेचे काम वायरमनला दाखवा. हे माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, कारण बुरशी माणसाला महिनोन्‌महिने छळते, पण शॉक क्षणात प्राण घेतो. स्वस्त दुरुस्तीत स्विचबोर्डाची फक्त वरची पाटी बदलतात. आत गाळ भरलेली नळी आणि भिजलेल्या जुन्या वायरी तशाच राहतात. दोन बोर्ड उघडून पाहा. गाळ, हिरवट पडलेले तांबे किंवा गंजलेले स्क्रू दिसले तर पूर्ण वायरिंग नवे करण्याचा खर्च किमतीतून वजा धरा. अर्थिंग तपासून घ्या. विजेची गळती झाल्यास प्रवाह तोडणारा स्विच आहे का पाहा. त्यावर टी असे अक्षर असलेले बटण असते, ते दाबल्यावर वीज लगेच गेली पाहिजे. आपल्या भागात जाणती माणसे बोर्ड छातीच्या उंचीला किंवा त्याहून वर बसवतात. पुराच्या पट्ट्यातल्या घरात बोर्ड गुडघ्याएवढ्या उंचीवर असतील तर दुरुस्ती करणाऱ्याने पुढचा विचार केलेला नाही.

विहीर आणि संडासाची टाकी

घरातल्या भिंती पाहून लोक परत फिरतात, परसात जात नाहीत. पुरात विहीर आणि संडासाची टाकी यांचे पाणी एक होते. पूर ओसरतो, पण टाकीला तडा गेला असेल तर मैला झिरपत राहतो. टाकी आणि विहीर यांत किती अंतर आहे ते पाहा. विहिरीला कठडा आहे का, कठड्याभोवतीचा चौथरा फुटलेला आहे का, हेही बघा. टाकीचे झाकण उघडून आत गाळ भरला आहे का ते तपासायला सांगा. पावसात संडासातले पाणी मागे येते का, हे शेजाऱ्यांना विचारा. कावीळ, विषमज्वर, जुलाब हे सारे याच वाटेने येतात.

घर घेतल्यावर विहीर उपसून गाळ काढा आणि पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्या. निर्जंतुक करण्याचा हिशेब असा. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा. त्याचा वर्ग करा, त्याला पाण्याच्या खोलीने गुणा, मग ३.१४ ने गुणून ४ ने भागा. आलेले उत्तर म्हणजे घनमीटर, आणि एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. दर हजार लिटरला चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर अडीच ग्रॅम लागते. उदाहरणार्थ, व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर खोल असेल तर सुमारे २८ हजार लिटर पाणी झाले, म्हणजे ७० ग्रॅम पावडर. ती थोड्या पाण्यात कालवा, गाळ खाली बसू द्या आणि वरचे पाणी विहिरीत सोडून ढवळा. किमान एक तास ते पाणी वापरू नका. आरोग्य सेवकाकडून क्लोरिनची चाचणी करून घ्या. पावडर उघडी पडून राहिली की तिचा जोर जातो, म्हणून ती ताजी आणि बंद डब्यातली असावी.

कागद आणि कायदा

मी वकील नाही, पण दोन गोष्टी जाणकारांकडून कळल्या त्या सांगतो. पाटबंधारे खाते नदीकाठी दोन पूररेषा आखते. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. या रेषांच्या आत बांधकामावर बंधने येतात. चिपळुणात २०२१ नंतर यावरून मोठी नाराजी आणि आंदोलनेही झाली. रेषा बरोबर की चूक हा वाद वेगळा, पण आपण घेत असलेले घर कोणत्या रेषेत येते हे नगरपरिषदेत विचारल्याशिवाय इसार देऊ नये. पुराच्या वेळी तलाठ्याने केलेल्या पंचनाम्याची प्रत घरमालकाकडे असते का, तेही विचारा. त्यात नुकसान लिहिलेले असते.

दुसरे असे, की १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने सापडू न शकणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. पण “साधी काळजी” हे शब्द लक्षात ठेवा. आपण कपाट सरकवून पाहिलेच नाही, तर उद्या तक्रार कोणत्या तोंडाने करणार? म्हणून पाणी किती आले होते आणि कोणती दुरुस्ती केली, हे वकिलाकरवी खरेदीखतात लिहून घ्यावे. खरे सांगणारा माणूस लिहून देतो.

विकणाऱ्याविषयीही एक शब्द. त्या मुलीच्या वडिलांचा संताप मी पाहिला आहे. पण घर विकणारा गृहस्थही पुरातच धुऊन निघालेला होता. घरातले सामान गेले, दुकान गेले, कर्ज झाले. घर रंगवले नसते तर कुणी दारात उभे राहिले नसते. त्याने खोटे सांगितले हे चूकच, आणि त्याची किंमत एका लहान मुलीने मोजली. पूर आलेले घर घेऊच नये, असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर अर्धे चिपळूण आणि निम्मा राजापूरचा बाजार कुणी घ्यायचा? पाणी येऊन गेलेले घर नीट वाळवून, नीट दुरुस्त करून सुखाने राहता येते. फक्त ते तसे आहे हे माहीत असावे, आणि किंमत त्या हिशेबाने ठरावी.

घेऊन बसलो असलो तर?

बरेच वाचक म्हणतील, डॉक्टर, हे आधी सांगायचे होते. आम्ही तर घर घेऊन बसलो. त्यांच्यासाठी सांगतो.

पलंग आणि कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे घ्या. दुपारी ऊन असेल तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघडा. मुले आणि दमेकरी सर्वांत कोरड्या खोलीत झोपवा. ओले कपडे झोपण्याच्या खोलीत वाळत घालू नका. गाद्या पुरात भिजलेल्या असतील तर टाकून द्या, उन्हात घालून त्या निर्धोक होत नाहीत.

बुरशीचा लहानसा डाग असेल तर तो कोरडा खरवडू नका, बीजाणू घरभर उडतात. नाकातोंडाला चांगला मास्क, हातात रबरी मोजे, खिडक्या उघड्या, आणि साबणाच्या पाण्याने ओले करून घासून पुसा. मग जागा पूर्ण वाळू द्या. ब्लीचिंगच्या पाण्यात ॲसिड किंवा दुसरे कोणतेही साफ करण्याचे औषध मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. डाग मोठा असेल, गिलावा पोकळ असेल, तर घासून काही होत नाही. तिथला गिलावा पाण्याच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत काढून टाकावा, चिरा उघडा करावा आणि ऑक्टोबरपासून निदान चार महिने तसाच वाळू द्यावा. आमच्या गवंड्याने नंतर आतून चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी सुचवली. चुन्यातून भिंतीची ओल बाहेर पडते आणि चुना बुरशीला मानवत नाही. आपल्या आज्यापणज्यांची घरे दर दिवाळीला चुन्याने निघत, त्यात शहाणपण होते.

हे काम चालू असताना घरातल्या दमेकऱ्याला दुसरीकडे ठेवा. आणि औषध बंद करू नका. पंपाची सवय लागते हा गैरसमज आहे. पंपातले औषध थेट श्वासनलिकेत जाते, म्हणून ते कमी मात्रेत पुरते. घर सुधारले आणि त्रास थांबला, तर मात्रा कमी करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील.

त्या मुलीचे काय झाले, हे सांगायचे राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये वडिलांनी आतल्या दोन खोल्यांचा गिलावा पार चिऱ्यापर्यंत काढला. पीओपीचे छत उतरवले, तर त्यावर पुरातला वाळलेला गाळ बोटभर जाड होता. सारे वायरिंग नवे झाले, बोर्ड वर गेले. खर्चासाठी आईच्या बांगड्या गहाण पडल्या. मुलगी ते शालेय वर्ष आजीकडे राहून रत्नागिरीच्या शाळेत गेली. जून २०२४ ला ती स्वतःच्या घरी परतली. त्या पावसाळ्यात तिला दोनदा सर्दी झाली, पंप लागला, पण रुग्णालयात जावे लागले नाही. दमा पूर्ण गेला असे मी म्हणणार नाही, पण ती रात्री झोपते.

मी माझ्या टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठी ठेवली आहे. खोकला घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला आता मी तपासण्याआधी विचारतो, “घरात कधी पाणी आलं होतं का?” पुष्कळदा उत्तर “नाही” असे येते. मग मी पुढे विचारतो, “आणि तुम्ही घर घेण्याआधी?” त्यावर बरेच जण गप्प होतात. तुमचे उत्तर तेच असेल, तर या रविवारी एकदा कपाट सरकवून पाहा.